लांडग्याला जागा

"आमचं भांडण कधी होतच नाही," हे सकाळी वन्संना सांगत होते, आणि माझी लोण्याची सुरी पावावर अर्ध्यात थांबली. तसं बघितलं तर त्यात थांबण्यासारखं काय होतं? वाक्य जुनंच. हे ते पाहुण्यांना सांगतात, शेजाऱ्यांना सांगतात, आणि दवाखान्यातल्या खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसांना तर हमखास सांगतात. दातांचे डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबून गप्पा मारायची सवय, त्यामुळे कुणी उलट बोलतं हेच त्यांना ठाऊक नाही. पण आज त्यांनी पुढे जोडलं, "हिच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी अजून ऐकलेला नाही. तेव्हा तू खालचा मजला झाडून घे, ताई. आम्ही आलोच म्हणून समज." वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, आदल्या दिवशी ह्याचसाठी येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांच्या गावात त्यांचं स्वतःचं घर, खालचा मजला रिकामा, आणि इकडे यांचा दवाखाना ह्या महिन्यात बंद होणार. एकात एक घालून त्यांनी आमचं म्हातारपण तयार करून आणलं होतं. "हिला विचारलंस का?" वन्सं म्हणाल्या. "विचारू की. संध्याकाळी कार्यक्रमाहून आलो की रीतसर विचारतो आणि तुला पक्कं सांगतो." मग दोघं माझ्याकडे बघून हसले. मी काहीतरी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते, पण तोंडात पाव होता. "हं" एवढंच निघालं. "बघ," हे म्हणाले. वन्संनी समाधानाने मुरंब्याची बाटली जवळ ओढली. त्या गावात सगळं काही आहे म्हणतात. फक्त माझं वाद्य नाही.

माझं म्हणजे माझं नव्हे. सभागृहाचं. मी फक्त ते सुरात लावते, पण इतकी वर्षं लावते आहे की त्याची एकेक खुंटी मला सख्ख्या नात्यातली वाटते. हार्पसिकॉर्ड म्हणतात त्याला. पियानोचा आजोबा समजा. पियानोत हातोडी तारेवर पडते, इथे पिसाची काडी तार छेडते. म्हाताऱ्याला हवामान सोसत नाही. कुणी खिडकी उघडली की उतरतो, दिवे लावले की चढतो, त्यामुळे कार्यक्रम असला की दिवसभर किल्ली घेऊन त्याचे कान पिळत बसायचं हा माझा धंदा. मी त्याला जुन्या रीतीने लावते. सा आणि प, बस, दुसरं काही लागत नाही. दोन तारा नीट जुळल्या नसल्या की त्यांच्यात एक वळवळ ऐकू येते, वाव-वाव-वाव, आणि किल्ली केसभर फिरवत गेलं की ती मंदावते, मंदावते, आणि थांबते. थांबली की तो पंचम शुद्ध. मग त्या पंचमालाच सा धरायचं आणि त्याचा पंचम लावायचा, मग त्याचा, मग त्याचा. असं बारा वेळा केलं की काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या फिरून आपण निघालो त्याच दारात परत यायला हवं. पण येत नाही! दारापेक्षा बोटभर वर येतो. मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी शिकवणाऱ्यालाच वेड्यात काढलं होतं. सगळे पंचम शुद्ध, कुठे काही चूक नाही, आणि तरी शेवटी बोटभर उरतंच. त्या उरलेल्याचं काय करायचं? जुन्या लोकांनी सरळ उपाय काढला: अकरा जोड्या शुद्ध ठेवायच्या आणि बाराव्या जोडीच्या गळ्यात सगळं उरलेलं बांधायचं. ती बारावी जोडी एकत्र वाजवली तर अंगावर काटा येईल अशी ओरडते. म्हणून तिला लांडगा म्हणतात. तो जिथे कुणी फिरकत नाही अशा जागी ठेवायचा. माझा काळी चार आणि काळी दोन या पट्ट्यांमध्ये असतो, आणि बिचारा गप्प असतो.

सभागृह झाडणाऱ्या मावशींना हे मी एकदा सांगून बसले आणि पस्तावले. त्या दिवसापासून त्या सगळं वाद्य पुसतात पण त्या दोन पट्ट्यांना फडकं लावत नाहीत. लांब उभं राहून त्यांच्यावर फुंकर मारतात. "असू दे बाई," म्हणतात, "झोपलाय तर झोपू दे." आज सकाळी मी पोचले तर त्या खुर्च्या पुसत होत्या. मला बघितल्याबरोबर नेहमीचा प्रश्न, "लागलं का बाई?" अहो, मी अजून पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. त्यांना वाटतं वाद्य दिव्यासारखं लागतं. "नाही लागलं," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर दचकले. हे बरं तोंडातून सुटलं, सटकन. मावशींना 'नाही' म्हणता येतं, वाद्याला म्हणता येतं, शिकवणाऱ्याला वेड्यात काढता येतं. मग घरीच काय होतं मला? मी खुर्चीवर बसले, पांढरी एक दाबली, आणि तिचा पंचम लावायला घेतला, पण कानात हेच घुमत होतं, आमचं भांडण कधी होतच नाही. खरंच होत नाही. एकदाही झालेलं नाही. आणि मी, जिचा सगळा जन्म उरलेलं कुठे ठेवायचं ह्या एका काळजीत गेला, तिला इतक्या वर्षांत हा प्रश्न पडू नये? सगळ्या जोड्या शुद्ध, तर मग आमचा लांडगा कुठे आहे?

मी घर डोळ्यांपुढे आणलं आणि एकेक खोली तपासत गेले, हाताने किल्ली चालूच. स्वयंपाकघर? तिथे नाही. यांना कमी मीठ लागतं, मला नीट लागतं, आम्ही कमी मिठाचं जेवतो. निजायची खोली? खिडकी बंद असते. मला उघडी हवी असते, पण चालेल. न्हाणीघर? हे सकाळी गुळण्या करतात, आणि साध्या नाही, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जातात आणि वरचा सूर हमखास उतरा लावतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी तो उतरा सूर ऐकते आहे. पहिल्याच आठवड्यात सांगावंसं वाटलं होतं, पण नव्या नवऱ्याला गुळणी सुरात करा म्हणून कसं सांगायचं? तर तेही चालेल. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तर बरोबर वन्सं. मध्ये त्या, एकीकडे हे, एकीकडे मी. सगळ्या फोटोंत मी अर्धी कापलेली आहे. "ताई आली तर चालेल ना?" "चालेल." मुलगी झाली तिचं नाव वन्संनी ठेवलं, चालेल. बैठकीतल्या भिंतीला यांनी दवाखान्यातला उरलेला फिका हिरवा रंग दिला, इतका की आलेला प्रत्येक पाहुणा नकळत आ करतो, आणि मी काय म्हटलं? मी किल्ली ठेवली. एक शब्द मी ह्या माणसाला इतक्या वेळा दिला होता की तो आता त्यांना माझं नावच वाटत असावं. भांडण होत नव्हतं, कारण वळवळ ऐकू आली रे आली की मी माझीच तार उतरवून त्यांना जुळवून घेत होते. पंचम शुद्ध! आणि प्रत्येक वेळचं ते केसभर उरलेलं मी पुढे ढकलत होते, पुढच्या खोलीत, पुढच्या वर्षात. आता साखळी संपत आली होती, आणि शेवटची जोडी समोर उभी होती: वन्संचं घर, खालचा मजला. "लागलं का बाई?" मावशींनी दारातून विचारलं. "नाही हो!" मी इतक्या जोरात ओरडले की त्या फडकं टाकून गेल्या.

दुपारी वाजवणारी आली. तरतरीत मुलगी, पण चेहरा पडलेला. "काकू, एक घोळ झालाय," ती म्हणाली. तिच्या साथीला बासरी होती, ती प्रवासात चिरली. बासरीवाल्याकडे दुसरी आहे, चांगली आहे, पण काळी चारची. "तर पहिला तुकडा पांढरी पाचऐवजी काळी चारवरून वाजवते. चालेल ना?" माझ्या तोंडात तो शब्द तयारच होता, सवयीने जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. पण काळी चार म्हणजे लांडग्याच्या घरातच सतरंजी अंथरायची. तिथे सा धरला तर पंचम येतो काळी दोन, म्हणजे तोच. "ऐक," मी म्हटलं आणि दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या. म्हातारा असा ओरडला की मावशी बाहेरच्या बाहेर, "उठवलात ना शेवटी!" म्हणाल्या. मुलीने कानावर हात ठेवले. "हलवता नाही का येणार त्याला?" येतो की. हलवायला काय, हलवतोच आपण जन्मभर. मी काळी चार सोडवली, तर तो काळी एकवर जाऊन बसला, आणि तो तिच्या पहिल्याच तुकड्याचा मध्यम. काळी एक सोडवली, तर तो गेला काळी तीनवर. "काळी तीनवर माझा शेवटचा तुकडा आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. आखूड चादर घेऊन झोपल्यासारखं झालं, डोकं झाकावं तर पाय उघडे. आज सगळ्या पट्ट्यांवर कुणी ना कुणी येणार होतं. कुणी फिरकत नाही अशी जागाच उरली नव्हती. मी त्या मुलीला बाहेर चहाला पिटाळलं आणि कपाळाला हात लावून बसले.

उपाय होता, मला माहीत नव्हता असं नाही. आजकाल सगळं जग तोच करतं. बोटभर उरतं ना? ते एका जोडीच्या गळ्यात बांधूच नका. बारा जणींत वाटून द्या. प्रत्येक पंचम केसभर उतरा ठेवायचा, प्रत्येक जोडीत थोडी वळवळ राहू द्यायची. कुणीच शुद्ध नाही आणि कुणीच ओरडत नाही. मी ह्या प्रकाराला आयुष्यभर नाकं मुरडत आले. मिळमिळीत, म्हणायचे. एकही जोडी धड खरी नाही, म्हणायचे. आणि हे मनात घोळवत असताना मला आठवले आमच्या वरच्या मजल्यावरचे. नवरा-बायको, आमच्याच वयाचे, रोज भांडतात. ओल्या टॉवेलवरून भांडतात, दाराच्या कडीवरून भांडतात, काल म्हणे चमचा कुठल्या दिशेने ठेवायचा यावरून झालं. आम्ही खाली बसून ऐकतो आणि हे मान हलवतात, "काय गं हे, वाईट वाटतं." मग थोड्या वेळाने वरून हसण्याचा आवाज येतो. तो आला की आम्ही दोघं वर बघतो आणि पेपर उलटतो. मला त्या हसण्याचा इतकी वर्षं राग का येत होता, ते आज किल्ली हातात धरून बसल्यावर कळलं. त्यांनी वाटून घेतलं होतं. टॉवेलला थोडं, कडीला थोडं, चमच्याला थोडं. वरच्या बाईंना मी मनातल्या मनात भांडकुदळ म्हणत होते, आणि ती बाई तर पक्की सुरात होती.

मग मी लावायला बसले. काय सांगू, हात ऐकेना. पंचम शुद्ध झाला की सोडायचा हे बोटांना पाठ. आता शुद्ध झाला की तो पुन्हा केसभर बिघडवायचा. पहिल्या जोडीला तर मला चक्क लाज वाटली. बरी-भली शांत झालेली जोडी, तिच्यात मुद्दाम वळवळ सोडायची. म्हटलं, ही गुळण्यांची. दुसरी खिडकीची, जरा उघडी. तिसरी मिठाची. हिरव्या भिंतीला मी थोडं जास्तच दिलं आणि मग परत घ्यावं लागलं, कारण एकीला जास्त दिलं की पुढची बिनसते. फोटोतल्या माझ्या कापलेल्या अर्ध्या अंगाला एक जोडी दिली. दिवस कलेपर्यंत मी अशी आमच्या संसारातली सगळी उष्टी-खरकटी एकेका तारेला वाटत बसले होते, आणि शेवटी एकच जोडी दाबून बघायची उरली. काळी चार, काळी दोन. दाबली. ओरडली नाही. इतरांसारखीच थोडीशी वळवळली आणि विरली. मला एकदम रडूच आलं. आनंदाने म्हणावं तर तसंही नाही. इतक्या वर्षांचा माझा लांडगा गेला होता, आणि त्याची थोडी थोडी शेपटी आता सगळ्यांनाच होती. "लागलं का बाई?" मावशी हळूच. "लागलं, मावशी. आता फडकं मारा सगळीकडे, काही चावत नाही." मावशी पुढे आल्या, त्या दोन पट्ट्यांकडे बघितलं, आणि फुंकर मारून गेल्या.

कार्यक्रमाला हे आले होते. येतातच, दर वेळी, पाचव्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर, स्वच्छ रुमाल घेऊन. वन्सं घरी राहिल्या होत्या, त्यांना बसून पाय दुखतात. त्या मुलीने छान वाजवलं, बासरी छान मिसळली, काळी चारवरून काळी तीनवर गेली तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही. टाळ्या झाल्या. आम्ही चालत घरी निघालो, आणि कोपऱ्यावर यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "वा. नेहमीसारखंच झालं."

"नेहमीसारखं नव्हतं," मी म्हटलं.

हे थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे वेगळं होतं. सगळं वेगळं लावलं होतं. तुम्हाला कळलं नाही?"

"चांगलं होतं म्हणालो की गं."

"चांगलं नाही म्हणालात. नेहमीसारखं म्हणालात." माझा आवाज कुठून तरी लांबून येत होता. "आणि सकाळी तुम्ही गुळणीचा शेवटचा सूर उतरा लावता. आणि मला खिडकी उघडी हवी असते. आणि मला वन्संच्या गावाला यायचं नाही."

हे भराभर चालू लागले, आणि आम्ही आमच्या इमारतीत शिरून जिन्यापर्यंत पोचलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्यांना वाचा फुटली. काय फुटली! मी म्हटलं होतं, मान हलवतील, 'काय गं हे' म्हणतील. कुठलं काय. "गुळणी!" ते ओरडले. "माझी गुळणी काढलीस? मग ऐक! मला तुझं ते वाद्य कधी कळलं नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मी पाचव्या रांगेत बसून वाजवणाऱ्यांचे दात बघत बसतो! आज त्या बासरीवाल्याची डावी दाढ किडलेली आहे, तेवढंच मला कळलं!"

"मग येता कशाला?"

"तू तिथे असतेस म्हणून!" हे त्यांनी आणखीच रागाने सांगितलं. "घरी कुठे असतेस? घरी नुसती चालेल, चालेल! भिंतीला विचारावं तसं विचारतो मी. उद्या दवाखाना बंद झाला की मी दिवसभर करायचं काय? कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तू त्या पेटाऱ्याचे कान पिळायला जाणार आणि मी हिरव्या भिंतीकडे बघत बसणार. तिकडे निदान ताई तरी बोलेल माझ्याशी, वाट्टेल ते बोलेल, पण बोलेल!"

"तो रंग तुम्हीच दिलात!"

"तू नको म्हणाली असतीस तर दिला असता का? मला स्वतःलाच आवडत नाही तो!"

वरच्या मजल्याचं दार उघडलं आणि त्या बाई कठड्यावरून वाकल्या. हातात ओला टॉवेल होता. "सगळं ठीक आहे ना?" त्यांनी काळजीने विचारलं. "नवरा म्हणाला, खालच्यांकडे काहीतरी झालंय."

"काही नाही वहिनी," हे धापा टाकत म्हणाले, "भांडतोय."

"अगंबाई!" त्या म्हणाल्या आणि चटकन आत गेल्या. आत जाऊन नवऱ्याला सांगितलेलं आम्हाला खाली ऐकू आलं.

हे पायरीवर बसले. मीही बसले, दोन बोटं अंतर सोडून. दवाखाना बंद होणार हे मला महिन्यापासून माहीत होतं, आणि यांना त्याचं काय वाटतंय हे मी विचारलं नव्हतं. विचारावं असं मनात आलं नव्हतं, कारण मग उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर कदाचित चाललं नसतं. मला वाटत होतं, सगळं उरलेलं मी एकटीच पुढे ढकलत आले. यांचंही होतं. हे पाचव्या रांगेत रुमाल घेऊन बसत होते ते तेच घेऊन.

"फार बोललो का गं?" त्यांनी खालमानेने विचारलं. "लागलं का तुला?"

तो जुना शब्द जिभेवर आला, बसला, आणि मी त्याला बसू दिलं.

"लागलं," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"लागलं," हे म्हणाले, आणि नाक पुसलं, त्या स्वच्छ रुमालाने.

उरलेल्या पायऱ्या चढून आम्ही वर आलो तर वन्सं दार उघडून उभ्या. सगळा जिना दणाणला होता, त्यांनी काय ऐकलं नसेल? तरी त्यांनी आधी भावाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, सकाळी मुरंब्याच्या वेळी बघितलं होतं तसंच. "मग? काय ठरलं?"

आमची मुलगी पहिल्यांदा बोलली तो दिवस मला आठवतो. ती एकच अक्षर म्हणाली होती आणि हे तसेच अनवाणी जिना उतरून सगळ्या इमारतीत सांगत सुटले होते. आज इतक्या वर्षांनी यांचा तोच आवाज मी पुन्हा ऐकला.

"ताई," हे म्हणाले, "ही नाही म्हणाली!"